प्रतिपदेचा अंधार

कुटा गावातल्या लेगियन रस्त्यावर रात्रीचे अकरा म्हणजे दिवेलागण. बिअरच्या सवलतीची पत्रकं वाटणारी पोरं तेव्हा कुठे कामाला लागतात, स्कूटरवाले गिऱ्हाइकांना हाका मारू लागतात आणि शेजारशेजारच्या दोन बारमधली दोन गाणी रस्त्यावर येऊन एकमेकांत मिसळतात. बाली बेटाच्या दक्षिणेकडचा हा पट्टा कित्येक दशकं रात्रीवर जगतो. ही रात्र संपायची कधी, हा मात्र तिथला न सुटलेला प्रश्न. २०२२ साली जवळच्या चांगू गावात तो ऐरणीवर आला. कालपरवापर्यंत भातखाचरं असलेल्या या गावात उघड्यावरचे बार पहाटेपर्यंत दणदणत होते. झोप उडालेल्या रहिवाशांनी ऑनलाइन अर्ज काढला, त्यावर हजारो सह्या झाल्या, अधिकारी बारमालकांकडे चकरा मारू लागले, आवाज मोजायची यंत्रं बाहेर निघाली. थायलंडनं याच्या बरोबर उलटी वाट धरली. १५ डिसेंबर २०२३पासून फुकेत आणि सामुई ही बेटं धरून काही निवडक ठिकाणी करमणुकीच्या जागा पहाटे ४पर्यंत उघड्या ठेवायला मुभा मिळाली. हिशेब साधा होता : पर्यटक जितका वेळ जागा, तितका वेळ त्याचा खिसा उघडा.

बंद करायची वेळ म्हणजे अखेर एक सौदा असतो. एकाची झोप आणि दुसऱ्याचा गल्ला यांच्यामध्ये सरकारनं आखलेली रेघ. ती एकवर आखा नाहीतर चारवर, तिच्यात पवित्र असं काही नसतं, आणि ती मोडणाऱ्याला दंड झाला तरी पाप लागत नाही.

याच बालीत वर्षातून एकदा मात्र कुणी कुणाशी सौदा करत नाही. सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६, असे चोवीस तास अख्खं बेट बंद होतं. बार बंद, हे तर झालंच. पण दुकानं, बँका, बाजार, शाळा, रस्तेही बंद. न्गुरा राय हा आंतरराष्ट्रीय विमानतळ एक दिवस विमानं घेत नाही आणि सोडतही नाही, शेकडो उड्डाणं त्या दिवसाच्या वेळापत्रकातून गळतात. जावा बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी गिलिमानुकच्या धक्क्याला लागून राहतात. रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत. घरात लावलाच तर एखादा मिणमिणता, तोही पडदे ओढून. टीव्ही-रेडिओचं प्रसारण थांबतं आणि २०१८पासून मोबाइलचं इंटरनेटही. इस्पितळं तेवढी चालू. वर्षाला साठ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे ज्या बेटावर उतरतात, तिथे त्या रात्री आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

हा दिवस म्हणजे न्येपी, बाली हिंदूंचं नववर्ष.

मराठी वाचकानं इथे कॅलेंडर काढून बघावं. न्येपी ज्या शकाच्या प्रतिपदेला येतो तो शक आपलाच आहे. २०२३ साली न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी आले, २२ मार्चला. २०२६मध्येही दोन्ही १९ मार्चलाच. २०२५ साली एका दिवसाचं अंतर पडलं : त्यांचा शक १९४७ सुरू झाला २९ मार्चला, आपला ३०ला. अधिक महिना धरायची त्यांची रीत वेगळी असल्यानं कधी महिन्याभराचा फरकही पडतो, जसा २०२४मध्ये पडला. पण आकडा तोच राहतो. पैठणच्या शालिवाहनाला आपण या कालगणनेचं श्रेय देतो, बालीतल्या कथेत त्या जागी कनिष्क येतो. इतिहासकारही शक-कुषाणांकडे बोट दाखवतात. हा शक समुद्र ओलांडून गेला त्यालाही तेराशेच्या आसपास वर्षं तरी झाली. जावातल्या चंगल इथल्या शिलालेखावर शक ६५४ कोरलेला आहे. बालीत सानूरच्या किनाऱ्यालगत, आज जिथे हॉटेलांची रांग आहे तिथून जवळच, ब्लांजोंगचा दगडी खांब उभा आहे. त्यावर शक ८३५ आहे आणि गंमत म्हणजे त्यावरचा जुन्या बाली भाषेतला मजकूर नागरी लिपीत आहे. संस्कृत मजकूर मात्र तिथल्या लिपीत. कोण कुणाकडून काय शिकत होतं, याचा इतका सुंदर गोंधळ क्वचितच दगडावर उतरला असेल.

तर शक एक, प्रतिपदा एक. डोंबिवलीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या आणि मग गावोगाव पसरलेल्या शोभायात्रांत त्या सकाळी ढोल-ताशे, लेझीम, नऊवारीतल्या बुलेटस्वार. आणि तिकडे हू की चू नाही. दोन्हीकडे नवं वर्ष सुरू होतंय हे एखाद्या तिऱ्हाइताला सांगूनही पटायचं नाही.

न्येपी या शब्दाच्या पोटात 'सेपी' आहे, म्हणजे निवांत, सुनं. त्या दिवशी पाळायच्या चार बंधनांना 'चतुर ब्रत' म्हणतात. मराठी कानाला अनुवादाची गरज पडू नये. अमाती गेनी, अमाती कार्य, अमाती लेलुंगान, अमाती लेलांगुआन. 'गेनी' म्हणजे आपला अग्नी, 'कार्य' म्हणजे कार्यच. पुढचे दोन शब्द त्या मातीतले : एक हिंडण्याफिरण्याचा, दुसरा मन रिझवण्याचा. आणि 'माती' म्हणजे मरण. अग्नी मारायचा, काम मारायचं, भटकणं मारायचं, करमणूक मारायची. विस्तव विझवणं याचा बाहेरचा अर्थ चूल आणि दिवा. आतला अर्थ राग, वासना, हाव. जाणती माणसं त्या दिवशी उपास धरतात, मौन पाळतात, ध्यानाला बसतात. बाकीची माणसं झोपतात, पत्ते कुटतात, अंधारात हळू आवाजात गप्पा मारतात. आपल्याकडच्या एकादशीसारखंच हे. व्रत एक, ते धरायच्या तऱ्हा घरोघरच्या.

या शांततेच्या आदली संध्याकाळ बघितली की मात्र बाली माणसाला गोंगाटाचं वावडं आहे हा समज पार धुऊन निघतो. अमावास्येच्या त्या दिवशी दुपारी चव्हाट्यांवर 'तावुर' होतो, भूतांना बळी आणि नैवेद्य दिला जातो. सांजावलं की घराघरांतून पातेली, डबे, बांबू बडवले जातात, मशाली फिरतात. मग निघतात ओगोह-ओगोह : बांबूच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या अक्राळविक्राळ राक्षसमूर्ती, सुळे बाहेर, डोळे बटबटीत, आणि खाली पन्नास पोरांचे खांदे. गल्लीतल्या तरुण मंडळांनी आठवडेच्या आठवडे खपून त्या घडवलेल्या असतात. कुणाची मूर्ती उंच, कुणाच्या मूर्तीचे डोळे फिरतात, यावर चुरस. चौकात आली की मूर्तीला गरगर फिरवायचं, म्हणजे भूताला दिशा उमगू नये, आणि शेवटी जाळून टाकायचं. गणपतीच्या मंडळात वाढलेल्या कुणालाही ही वर्गणी, ही वर्दळ, ही खुन्नस ओळखीची वाटेल. ही मिरवणूक फार जुनीही नाही. १९८३ साली न्येपीला इंडोनेशियात राष्ट्रीय सुट्टी मिळाली आणि त्याच दशकात ओगोह-ओगोहला आजचं भव्य रूप येत गेलं. सनातन वाटणाऱ्या गोष्टींचं वय बऱ्याचदा असं चाळिशीत निघतं.

दुसऱ्या दिवशीच्या शांततेचा खुलासा लहान मुलांना असा सांगतात : काल जागी झालेली भूतं आज वरून बेटाकडे बघतात. दिवा नाही, धूर नाही, माणूस नाही. इथे कुणी राहतच नाही असं वाटून ती पुढे निघून जातात. गोष्ट गोड आहे आणि पर्यटकांच्या माहितीपुस्तिकांनी ती पार गुळगुळीत करून टाकली आहे. बाली धर्मविचारात यापेक्षा खोल काहीतरी आहे. तिथे या शक्तींना 'भूत काल' म्हणतात, आणि त्या हाकलून द्यायच्या नसतात. त्यांना खाऊ घालून, त्यांचा मान राखून, त्यांच्या जागी परत पाठवायचं असतं. पांढऱ्या-काळ्या चौकड्यांचं 'पोलेंग' कापड तिथे झाडांना, मूर्तींना, देवळाच्या द्वारपालांना गुंडाळलेलं दिसतं. उजेड आणि अंधार यांपैकी एकानं दुसऱ्याला कायमचं हरवायचं नाही, हे ते कापड सांगतं. आदल्या रात्रीचा धिंगाणा आणि दुसऱ्या दिवशीचा शुकशुकाट हे त्याच कापडाचे दोन चौकोन. एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट म्हणायची तिथे सोय नाही.

हा विचार किती खरा आहे याची परीक्षा लेगियन रस्त्यावरच झाली. १२ ऑक्टोबर २००२च्या रात्री अकरा वाजून गेल्यावर पॅडीज पब आणि सारी क्लब या दोन गजबजलेल्या ठिकाणी बॉम्ब फुटले. २०२ माणसं गेली. बहुतेक परदेशी, पण कामावर असलेली, रस्त्यावरून चाललेली इंडोनेशियन माणसंही त्यांत होती. हल्लेखोरांच्या लेखी ते पापाचे अड्डे होते. बालीनं त्या वेळी काय केलं हे लक्षात घेण्यासारखं आहे. दंगली उसळल्या नाहीत. १५ नोव्हेंबरला, घटनेला महिना उलटल्यावर, त्याच जागी बेटानं एक मोठा शुद्धिविधी केला. मेलेल्यांच्या आत्म्यांना वाट मोकळी व्हावी आणि बिघडलेला तोल सावरावा म्हणून. आपलंच काही चुकलं का, बेट पैशाच्या मागे फार धावलं का, असंही तेव्हा अनेकांनी बोलून दाखवलं. आता त्या विचारात एक धोका आहेच. ज्यानं बॉम्ब ठेवला त्याचा गुन्हा मरणाऱ्याच्या नाचण्याशी नेऊन जोडणं अन्यायाचं आहे, मग ते कितीही नम्रपणे केलेलं असो. पण नाचणारे पापी म्हणून त्यांना मारणारा एक धर्म आणि रात्रीच्या त्या रस्त्यावरच्या मृतांसाठी, त्यांची जात-देश न बघता, बळी आणि पाणी घेऊन येणारा दुसरा धर्म, यांत कुणाला रात्र कळली हे सांगायला पंडित लागत नाही. रस्त्यावरचे बार पुन्हा उघडले. तिथेच २०२ नावांचं स्मारक उभं राहिलं.

खरी अडचण वेगळीकडे आहे, आणि ती न्येपीच्या गाभ्यातच आहे.

बेट शांत राहतं ते कुणामुळे? गावोगावच्या 'पेचालांग'मुळे. हे गावसभेनं नेमलेले राखणदार. कमरेला तेच चौकड्यांचं पोलेंग, डोक्याला बांधलेलं वस्त्र, हातात बॅटरी. बालीत सुमारे दीड हजार पारंपरिक गावसंस्था आहेत, प्रत्येकीचे स्वतःचे लिखित नियम आहेत आणि २०१९च्या प्रांतिक कायद्यानं या गावांचं स्थान आणखी पक्कं केलं. न्येपीच्या दिवशी रस्त्यावर चालायची मुभा या राखणदारांनाच. कुठल्या खिडकीतून उजेडाची तिरीप आली की ते दारावर थाप मारतात. परदेशी पाहुण्याला हॉटेलच्या आवारात फिरता येतं. फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. २०२३ साली ग्यान्यार भागातल्या एका किनाऱ्यावर तंबू ठोकून बसलेल्या एका पोलिश जोडप्याला न्येपी मोडल्याबद्दल देशाबाहेर पाठवण्यात आलं.

मग प्रश्न असा पडतो : राखणदाराच्या धाकानं विझवलेला दिवा अमाती गेनी ठरतो का?

पतंजलीनं यम आणि नियम वेगळे मांडले. दुसऱ्याशी वागताना स्वतःला घालायचा आवर तो यम, आणि जे फक्त स्वतःसाठी करायचं, तप, स्वाध्याय, संतोष, तो नियम. बारच्या बंद होण्याच्या वेळेला या भाषेत कुठे बसवायचं? शेजाऱ्याच्या झोपेची हिंसा करू नये, म्हणजे ती यमाच्या गोत्रातली. मौन हे मात्र नियमाच्या गोत्रातलं. ते दुसऱ्यानं घातलेलं चालत नाही. गांधीजी सोमवारी मौन पाळायचे तेव्हा सेवाग्रामात कुणी पहारेकरी नव्हता. समोर कुणी आलं की ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ला वर्षभराचं मौन धरलं, तेही स्वतःच्या मर्जीनं. पण त्या मौनाचं पुढे काय झालं हेही आठवावं. वर्षाच्या मध्यावर आणीबाणी आली, मौनातून बाहेर पडलेला 'अनुशासनपर्व' हा एक शब्द सत्तेनं उचलला आणि त्याचा अर्थ काय होता यावरचा वाद आजही मिटलेला नाही. सांगायचं एवढंच की एकट्याचं निर्मळ मौनसुद्धा समाजात पडलं की त्याच्यावर मालकी सांगायला दुसरे येतात. मग ४० लाखांहून अधिक माणसांच्या बेटाचं मौन निर्मळ कसं राहावं?

बालीत हिंदू सुमारे ८७ टक्के. उरलेल्यांत मोठा भाग मुसलमानांचा, त्यांतले कितीतरी जावाहून पोटासाठी आलेले. न्येपीच्या आधी गिलिमानुकच्या बंदराकडे वाहनांच्या रांगा लागतात त्या यांच्याच. चार दिवस गावी जाऊन येणं सोपं पडतं. जे राहतात त्यांनी काय करायचं? २०२३ साली पेच मोठा होता. २२ मार्चला न्येपी आणि त्याच रात्री रमजानची पहिली तरावीहची नमाज. धर्मपुढाऱ्यांनी बसून तोड काढली : जवळच्या मशिदीत पायी जावं, दिवे मंद ठेवावेत, भोंगा लावू नये. हे बहुतेक ठिकाणी सुरळीत पार पडलं आणि बातमी झालं नाही, जसं सुरळीत पार पडलेलं काहीच बातमी होत नाही. बातमी झाली ती बुलेलेंगच्या सुंबरक्लाम्पोक गावाची. तिथे काही गावकऱ्यांनी राखीव वनाचं फाटक जबरीनं उघडून समुद्राकडे जायची वाट काढली. चित्रफीत पसरली, आणि दोघांवर खटला उभा राहिला तो धर्मावमानाच्या कलमाखाली. इथे न्येपीची बाजू लंगडी पडते, असं म्हटल्यावाचून राहवत नाही. समुद्रावर गेलेल्या माणसानं गावाचा नियम मोडला, हे मान्य. पण जे व्रत त्यानं कधी घेतलंच नव्हतं त्याचा अवमान त्यानं कसा केला? ज्या दिवशी राग विझवायचा त्या दिवसाचा राग कोर्टापर्यंत चालत राहावा, हे चतुर ब्रतातल्या पहिल्याच ब्रताला धरून नाही.

इंटरनेटचीही अशीच गोष्ट. हिंदू संघटनांनी मागणी केली, सरकारनं आधी ती फेटाळली आणि २०१८ला मान्य केली. तेव्हापासून मोबाइल कंपन्या त्या दिवसापुरता डेटा बंद करतात. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की ज्याला मन आवरता येत नाही त्याचा फोन आवरून काय साधणार. बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं जास्त प्रामाणिक होतं : आवरता येत नाही म्हणूनच. दरम्यान मोठ्या हॉटेलांनी यातूनही वाट काढलीच. 'न्येपी पॅकेज' मिळतं, त्यात दोन रात्री, तिन्ही वेळचं जेवण, पडद्याआड चालू असलेला पोहण्याचा तलाव आणि योगाचा एक तास. मौन विकत घ्यायला हरकत नाही, पण ते तीन तारांकित आणि पाच तारांकित असं वेगवेगळ्या भावात मिळावं याचं हसू येतं.

एवढं सगळं असूनही न्येपीत एक गोष्ट अशी आहे जी रात्रीच्या कुठल्याच नियमात सापडत नाही आणि जिच्यापुढे टीका थोडी अडखळते. त्या दिवशी धर्म स्वतःही गप्प बसतो. गामेलानचे वाद्यवृंद थांबतात. देवळाचे ध्वनिक्षेपक बंद. नवजात बालकाचे विधी, प्रेताचं दहन, सगळं पुढे ढकललं जातं. पुरोहिताच्या घरातला दिवाही तितकाच मंद जितका बारमालकाच्या. इतरांना शांत करून स्वतःचा आवाज मोठा करण्याची जी खोड जगभरच्या धर्मांना आहे, तिला इथे चोवीस तास सुट्टी.

आपल्याकडचा नियम याच्या शेजारी ठेवून बघावा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. १८ जुलै २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणाच्याही कानांवर आवाज लादायचा हक्क कुणालाच नाही. पण नियमातच एक खिडकी ठेवलेली आहे. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस ही वेळ रात्री १२पर्यंत वाढवता येते आणि ती कशासाठी, तर सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगांसाठी. गणेशोत्सव आणि नवरात्र आलं की हे दिवस कुठले धरायचे यावर महाराष्ट्रात दरवर्षी खल होतो. म्हणजे आपल्याकडे देव हा नियमाला अपवाद मागण्याचं कारण असतो. बालीत तो नियम पाळण्याचं कारण आहे. गोव्यात हणजुणे-वागातोरच्या रात्रीच्या संगीताविरुद्ध गावकरी न्यायालयात जातात तेव्हा ते झोपेचा हक्क मागतात, डेसिबल मोजतात, पोलिसांच्या तक्रारवहीचे दाखले देतात. सगळं रास्त. त्या भाषेत फक्त एक गोष्ट बोलता येत नाही : रात्र ही कुणाच्या तरी मालकीची आहे की काय? बारमालक म्हणतो माझी, रहिवासी म्हणतो माझी, न्यायालय म्हणतं दहापर्यंत याची आणि नंतर त्याची. न्येपी म्हणतो कुणाचीच नाही, निदान एक दिवस तरी. नुसा पेनिडा या बालीलगतच्या छोट्या बेटावर तर समुद्राचाही न्येपी असतो. चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला होड्या, मासेमारी, पाणबुडे सगळे थांबतात आणि समुद्र समुद्रापाशी राहतो.

लादलेलं व्रत हे व्रत नव्हे, हा आक्षेप धर्म स्वतः गप्प बसला म्हणून मिटत नाही. बाली माणसाला तो फारसा छळतही नाही, कारण तिथे व्रत पुण्याच्या वैयक्तिक खात्यावर जमा होत नसतं. विझायचं असतं ते बेट. एका घरात दिवा जळत राहिला तर त्या घराचं पुण्य कमी होतं असं नाही, अंधाराला भोक पडतं. दहीहंडीच्या थरात एकानं 'माझी श्रद्धा नाही' म्हणून खांदा काढून घेतल्यासारखं ते. पण थरात उभं राहायचं की नाही हे आपल्याकडे निदान विचारलं जातं.

२०२० साली हा सगळा प्रश्न एका तारखेवर येऊन उभा राहिला. त्या वर्षी जानेवारीत मुंबईनं रात्र खुली केली होती. २७ जानेवारीपासून ठराविक भागांतले मॉल आणि उपाहारगृहं चोवीस तास चालू ठेवायला परवानगी मिळाली होती, दारूला मात्र पूर्वीचीच दीडची मर्यादा. दोन महिने झाले नाहीत तोच २५ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली. ती तारीख गुढीपाडव्याची होती, शक १९४२ची प्रतिपदा. शोभायात्रा नाहीत, ढोल नाहीत. गुढ्या उभ्या राहिल्या त्या बंद दारांच्या आत, बाल्कन्यांत. आणि त्याच २५ मार्चला बालीत न्येपी होता. साथीमुळे आदल्या रात्रीच्या ओगोह-ओगोह मिरवणुका रद्द झाल्या होत्या, पण न्येपी तसाच पाळला गेला, विमानतळ बंद, दिवे बंद. शकाच्या पहिल्या दिवशी कोकणापासून जावासमुद्रापर्यंत एकच शुकशुकाट होता. एकीकडे तो हुकमाचा, दुसरीकडे व्रताचा. रस्त्याच्या मधोमध उभं राहून पाहणाऱ्याला फरक सांगता आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न्येपी संपला. एरवी तो 'न्गेंबाक गेनी'चा दिवस, अग्नी मोकळा करायचा. त्या दिवशी माणसं आप्तांकडे जातात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. देनपसारच्या सेसेतान भागात तर तरुण-तरुणींच्या दोन रांगा एकमेकांना भिडून सर्वांदेखत मुके घेतात आणि वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या जातात. २०२०मध्ये यातलं काही झालं नाही. गव्हर्नर वायान कोस्तेर यांनी साथीच्या कारणानं लोकांना आणखी एक दिवस घरातच थांबायला सांगितलं होतं. २६ मार्चला बेटावर कुठलंही व्रत नव्हतं, दिवे लावायला हरकत नव्हती, चुली पेटल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी पेचालांग मात्र कालच्यासारखेच उभे होते, कमरेला तेच काळे-पांढरे चौकडे गुंडाळून.